स्टेरॉइड घडवणारी एन्झाइमे: मानवी ऊती, कर्करोगाच्या गाठी आणि समुद्रातले अपृष्ठवंशी

रसायनी (धागाकर्ता)

स्टेरॉइड संप्रेरकांविषयीचे लेखन बहुतेक वेळा ग्रंथीपाशी सुरू होते आणि रक्तापाशी संपते. अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी), अंडाशय किंवा वृषण संप्रेरक तयार करतात, ते रक्तात सोडतात आणि दूरच्या ऊती ते टिपून घेतात, एवढ्यावर विषय आटोपतो. हे चित्र चुकीचे नाही, पण फार अपुरे आहे. माणसाच्या रक्तात सर्वांत जास्त प्रमाणात फिरणारे स्टेरॉइड म्हणजे डीएचईए-सल्फेट (अधिवृक्कातून येणाऱ्या डीएचईए या पूर्वद्रव्याचे सल्फेट-रूप), आणि ते स्वतः कोणत्याही लैंगिक संप्रेरकाच्या ग्राहीला (संप्रेरक बांधून घेणाऱ्या पेशीतल्या प्रथिनाला) धड चिकटत नाही. त्याचे महत्त्व पुढच्या प्रक्रियेत आहे. त्वचा, मेदऊती, स्तन, प्रोस्टेट, यकृत, वार (प्लॅसेंटा) अशा अनेक ठिकाणी स्टेरॉइड सल्फटेज हे एन्झाइम त्याचा सल्फेट गट काढून टाकते, ३-बीटा-एचएसडी (एचएसडी म्हणजे हायड्रॉक्सिस्टेरॉइड डीहायड्रोजनेज या गटातले एन्झाइम) त्यापासून अँड्रोस्टेनडायोन बनवते, आणि त्यापुढे त्या ऊतीत कोणती एन्झाइमे आहेत यावर टेस्टोस्टेरॉन, डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन (डीएचटी) की इस्ट्रोजेन हे ठरते. कॅनडातील संशोधक फर्नांड लाब्री यांनी या स्थानिक व्यवस्थेला ‘इंट्राक्रिनॉलॉजी’ हे नाव दिले. पेशी संप्रेरक स्वतःसाठी बनवते, स्वतः वापरते आणि बहुतांशी स्वतःच निष्क्रिय करून बाहेर सोडते, त्यामुळे रक्ततपासणीत त्याचा पुरता माग लागत नाही.

मुळाकडे पाहिले तर कोलेस्टेरॉलपासून प्रेग्नेनोलोन बनवण्याची पहिली पायरी मोजक्याच ऊतींना जमते. तिला सीवायपी११ए१ हे तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रियाच्या) आतल्या आवरणातले एन्झाइम लागते, आणि बहुतेक स्टेरॉइडजनक ऊतींमध्ये तिथवर कोलेस्टेरॉल पोचवण्यासाठी ‘स्टार’ नावाचे प्रथिनही लागते. याउलट पुढच्या पायऱ्यांची एन्झाइमे शरीरभर विखुरलेली आहेत. त्यामुळे ‘अमुक ऊतीत अमुक एन्झाइम सापडले’ या विधानावरून ‘ती ऊती संप्रेरक निर्माण करते’ या निष्कर्षावर उडी मारण्याचा मोह होतो, आणि हा मोह कर्करोगाच्या संशोधनात जितका दिसतो तितकाच शिंपल्यांवरच्या आणि प्रवाळांवरच्या संशोधनात दिसतो.

माझे म्हणणे असे की दोन्हीकडे तेच प्रश्न विचारले पाहिजेत. स्टेरॉइडचा कच्चा माल कोठून आला? जिवंत पेशीत ते एन्झाइम अभिक्रिया कोणत्या दिशेने नेते? आणि तयार झालेले रेणू ऐकणारा ग्राही तिथे आहे का? या प्रश्नांना धरून चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.

निदानक

धागा चांगला आहे. गाठींच्या बाजूने थोडी भर घालतो.

स्तनाचा कर्करोग आणि अंडाशय यांचा संबंध जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये शस्त्रक्रियेतून दाखवला होता, आणि प्रोस्टेटच्या कर्करोगात वृषण काढण्याचा परिणाम चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये मांडला. हगिन्स यांना त्यासाठी १९६६ चे नोबेल मिळाले. पण ‘ग्रंथी काढली की संप्रेरक संपले’ हे गृहीतक दोन्ही रोगांत टिकले नाही. रजोनिवृत्तीनंतर अंडाशय जवळपास शांत झालेले असतात, तरीही स्तनाच्या गाठीतील इस्ट्राडायोलचे (सर्वांत प्रबळ इस्ट्रोजेनचे) प्रमाण रक्तातल्या प्रमाणाच्या सुमारे १० ते २० पट आढळते. इथे अरोमटेज (सीवायपी१९ए१), म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारख्या रेणूंचे इस्ट्रोजेन करणारे एन्झाइम, काम करते. या एन्झाइमचे जनुक एकच आहे, पण त्याला चालू करणारे प्रवर्तक ऊतीगणिक वेगळे आहेत. वारेत एक, अंडाशयात दुसरा, निरोगी मेदऊतीत तिसरा. गाठीजवळच्या मेदऊतीत मात्र प्रोस्टाग्लँडिन ई२ या दाहाशी संबंधित रेणूच्या प्रभावाखाली एरवी तिथे फारसे न वापरले जाणारे प्रवर्तक जागे होतात आणि निर्मिती वाढते. म्हणजे गाठ शेजारच्या पेशींना स्वतःच्या सोयीचे काम करायला लावते. इस्ट्रोजेन बनवणाऱ्या पेशी अनेकदा कर्कपेशी नसून तिच्या भोवतीच्या आधार-ऊतीतल्या असतात, हे विसरून संपूर्ण गाठीचा लगदा करून मोजमाप केले की कोण काय करतो ते कळेनासे होते.

अरोमटेजइतकीच सल्फटेजची वाटही महत्त्वाची आहे, कारण रक्तातील इस्ट्रोन-सल्फेट हा मोठा साठा आहे आणि गाठीत तो सल्फटेजने मोकळा होतो. त्यानंतर १७-बीटा-एचएसडी प्रकार १ हे एन्झाइम दुर्बल इस्ट्रोनचे प्रबळ इस्ट्राडायोल करते, तर प्रकार २ बरोबर उलट काम करते. एका गाठीत या दोघांचे गुणोत्तर काय आहे यावर बरेच काही अवलंबून असते.

प्रोस्टेटमध्ये चित्र आणखी बोलके आहे. वृषणांचे काम औषधाने थांबवल्यावर रक्तातील टेस्टोस्टेरॉन ९० टक्क्यांहून अधिक घटते, परंतु ऊतीतील डीएचटी त्या प्रमाणात घटत नाही, कारण अधिवृक्कातून येणारे डीएचईए कायम असते. ३-बीटा-एचएसडी बनवणाऱ्या एचएसडी३बी१ या जनुकाचा एक आनुवंशिक प्रकार आहे, ज्यात १२४५ व्या स्थानी डीएनएच्या ‘ए’ या अक्षराऐवजी ‘सी’ असतो. त्यामुळे एन्झाइमचा वेग वाढत नाही. ते पेशीत लवकर मोडले जात नाही, म्हणून साचते आणि डीएचईएपासून डीएचटीकडे जाणारा प्रवाह वाढतो. हा प्रकार असलेल्या रुग्णांच्या गाठी संप्रेरक-वंचित अवस्थेत लवकर प्रतिकारक होतात असे अनेक रुग्णगटांत दिसले आहे. धागाकर्त्यांच्या प्रश्नाचे हे उत्तम उदाहरण वाटते. गाठीत सीवायपी११ए१ आहे की नाही यावर वाद घालण्यापेक्षा अधिवृक्कातून आयता येणारा कच्चा माल गाठ किती कार्यक्षमतेने वापरते हे पाहिले की रोगाची चाल समजते.

अर्धविराम

एक साधी शंका. अरोमटेज रोखणारी औषधे, म्हणजे लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोल, जर इतकी नेमकी आहेत, तर रजोनिवृत्तीपूर्वी ती एकटी का देत नाहीत? अरोमटेज तर तेच आहे ना?

निदानक

एन्झाइम तेच, पण त्यावरचे नियंत्रण वेगळे. कार्यरत अंडाशयातील अरोमटेज पोषग्रंथीच्या (मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरीच्या) संप्रेरकांच्या ताब्यात असते. औषधाने इस्ट्रोजेन घटले की पोषग्रंथी जोर लावते, अंडाशय उद्दीपित होतात आणि अडथळा तोकडा पडतो. म्हणून त्या वयात आधी अंडाशयाचे काम थांबवून मग ही औषधे देतात. मेदऊतीतील अरोमटेजवर असे प्रतिभरण-नियंत्रण नाही.

प्रवाळ

आता समुद्राकडे येऊ, कारण धाग्यातला सर्वांत गोंधळाचा भाग तिथे आहे.

शिंपले, कालवे, गोगलगायी, तारामासे, समुद्री साळू, प्रवाळ या सर्वांच्या ऊतींत टेस्टोस्टेरॉन, इस्ट्राडायोल किंवा प्रोजेस्टेरॉन सापडल्याची नोंद दशकानुदशके होत आली आहे. काही प्रजातींत ही पातळी प्रजननचक्राबरोबर बदलतानाही दिसली. त्यावरून मृदुकाय प्राण्यांचे (शिंपले, कालवे, गोगलगायी यांचे) प्रजनन पृष्ठवंशीयांसारखेच लैंगिक स्टेरॉइडांनी चालते असे गृहीत धरले गेले, आणि सांडपाण्यातील इस्ट्रोजेनचा परिणाम मोजण्यासाठी शिंपले वापरण्याची पद्धतही त्यावरच उभी राहिली.

जनुकसंच वाचले गेल्यावर या इमारतीचा पाया डळमळला. मृदुकाय आणि कंटकचर्मी (तारामासे, समुद्री साळू) प्राण्यांच्या जनुकसंचात सीवायपी११ए सापडत नाही आणि अरोमटेजही सापडत नाही. कोलेस्टेरॉलची बाजूची साखळी तोडणारे एन्झाइमच नसेल, तर पृष्ठवंशीयांच्या मार्गाने टेस्टोस्टेरॉन बनवण्याची सुरुवात होत नाही, आणि अरोमटेज नसेल तर त्याचे इस्ट्राडायोल होत नाही. मग ऊतीत सापडलेले रेणू आले कोठून? ब्रिटिश संशोधक अलेक्झांडर स्कॉट यांनी २०१२ आणि २०१३ मध्ये जुन्या शोधनिबंधांची कठोर छाननी करून मांडलेले उत्तर असे की ते पाण्यातून आले. शिंपला सतत पाणी गाळत असतो, स्टेरॉइड रेणू मेदस्नेही असतात आणि पाण्यातून ऊतीत सहज उतरतात. प्रयोगात पाण्यात सोडलेले किरणोत्सारी टेस्टोस्टेरॉन शिंपले वेगाने शोषतात, ५-अल्फा स्थानी क्षपित करतात (म्हणजे हायड्रोजन जोडतात), मेदाम्लांशी जोडून एस्टर बनवतात आणि स्वच्छ पाण्यात ठेवले तरी हे एस्टर दीर्घकाळ सोडत नाहीत. प्रोजेस्टेरॉनवर मेदाम्ल जोडायला हायड्रॉक्सिल गटच नाही, तर भूमध्य समुद्रातील शिंपला आधी त्याचे क्षपण करून तो गट तयार करतो.

म्हणजे एन्झाइमे आहेत आणि कामसूही आहेत. ५-अल्फा क्षपण करणारी आहेत, १७-बीटा स्थानी काम करणारी आहेत, एस्टर जोडणारी आहेत. पण हे सगळे मिळून संप्रेरक-निर्मितीचा मार्ग ठरत नाही. बाहेरून आलेला मेदस्नेही पाहुणा बांधून ठेवण्याची सोय म्हणून ते अधिक नीट समजते. शिंपल्यात बाहेरून इस्ट्राडायोल वाढवले तरी मुक्त इस्ट्राडायोल फारसे वाढत नाही आणि वाढ एस्टरच्या साठ्यात दिसते, हेही त्याच दिशेने बोट दाखवते.

ग्राहीची बाजू तर अधिकच ठाम आहे. समुद्री ससा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ॲप्लिशिया या मृदुकाय प्राण्यात इस्ट्रोजेन-ग्राहीचे सगोत्र (समान पूर्वजापासून आलेले) प्रथिन २००३ मध्ये सापडले, परंतु ते इस्ट्रोजेनला जुमानत नाही, नेहमीच सक्रिय असते. ऑक्टोपसमध्येही तसेच आढळले. ऐकणारा कानच बंद असेल तर संदेश आहे की नाही हा प्रश्न गौण होतो.

तटस्थ

आपला युक्तिवाद पटण्यासारखा आहे, पण मला तो थोडा घाईचा वाटतो. तारामाशांच्या ऊतींना किरणोत्सारी अँड्रोस्टेनडायोन दिल्यावर टेस्टोस्टेरॉन आणि ५-अल्फा क्षपित उत्पादने मिळाल्याचे १९८० च्या दशकातील काम सुप्रसिद्ध आहे. शिंपल्यांत आणि कालवांत १७-बीटा-एचएसडी कुलातील अनेक जनुके ओळखली गेली आहेत. उत्क्रांती इतकी एन्झाइमे निव्वळ पाहुण्यांना बांधण्यासाठी कोट्यवधी वर्षे कशाला जपेल? शिवाय ज्ञात एन्झाइम सापडले नाही म्हणून अज्ञात एन्झाइमही नाही, असे म्हणता येत नाही. आणि ‘समुद्री अपृष्ठवंशी’ असे एकाच टोपलीत सर्वांना घालणेही योग्य नाही.

प्रवाळ

शेवटचा मुद्दा पूर्ण मान्य. लॅन्सलेट, म्हणजे ब्रँकिओस्टोमा हा माशासारखा दिसणारा छोटा प्राणी, हाही समुद्री अपृष्ठवंशीच आहे आणि त्यात सीवायपी११ए, सीवायपी१७ (पुरुष-संप्रेरकांच्या मार्गातले पुढचे एन्झाइम) आणि अरोमटेज या तिन्हींची सगोत्र जनुके आहेत, कारण तो आपल्या रज्जुमान (पृष्ठवंशी आणि त्यांचे जवळचे नातेवाईक) कुलातला आहे. गंमत अशी की त्याचा इस्ट्रोजेन-ग्राही इस्ट्रोजेनला बांधत नाही, आणि लॅन्सलेटचाच दुसरा एक स्टेरॉइड-ग्राही बांधतो. प्लॅटिनेरिस या समुद्री वलयी कृमीचा इस्ट्रोजेन-ग्राही मात्र इस्ट्रोजेनला प्रतिसाद देतो. कवचधारी प्राणी तर निराळ्याच वाटेचे आहेत. खेकड्यांना स्टेरॉल स्वतः बनवता येत नाही, अन्नातून आलेल्या कोलेस्टेरॉलपासून त्यांची वाय-अवयव नावाची ग्रंथी एक्डिस्टेरॉइड घडवते आणि कात टाकण्याचे नियंत्रण त्याने होते. तिथे कच्चा माल, पूर्ण एन्झाइम-साखळी आणि ग्राही तिन्ही आहेत, म्हणून तिथे मी संप्रेरक हा शब्द बिनदिक्कत वापरतो. प्रवाळांच्या कुलात १७-बीटा-एचएसडी सदृश जनुके आहेत आणि त्यांच्या ऊती स्टेरॉइडांचे रूपांतरही करतात, पण तिथेही कोलेस्टेरॉलपासूनची पहिली पायरी दाखवता येत नाही.

आता उत्क्रांतीने ही एन्झाइमे कशाला जपली. १७-बीटा-एचएसडी हे कुल स्टेरॉइडांसाठी राखीव नाही. माणसातच पाहा: प्रकार ४ हा पेरॉक्सिसोम या पेशीतल्या कप्प्यात मेदाम्लांचे विघटन करतो, प्रकार १० तंतुकणिकेत आयसोल्युसिन या अमिनो आम्लाच्या विघटनात लागतो, आणि प्रकार १२ चे मुख्य काम लांब मेदाम्ले आणखी लांबवणे हे आहे. शिंपल्यांत आणि कालवांत मिळालेली जनुके बरीचशी याच प्रकारांची आहेत. ती टिकली याचे कारण मेदाम्लांची उलाढाल प्रत्येक पेशीला लागते, आणि परीक्षानळीत भरपूर स्टेरॉइड ओतले तर अशी मोकळ्या खाचेची (निरनिराळे रेणू मावणारी) एन्झाइमे त्यावरही काम करतात. तारामाशांचे प्रयोग मी नाकारत नाही, पण त्यात अँड्रोस्टेनडायोन आपण दिले होते, प्राण्याने बनवले नव्हते.

याच गृहीतकाने एक मोठी दिशाभूल केली होती, ती इम्पोसेक्सची. जहाजांच्या तळाला लावल्या जाणाऱ्या रंगातील ट्रायब्युटाइल टिनमुळे मादी समुद्री गोगलगायींना नराचे अवयव फुटतात. १९७० च्या सुमारास हे प्रथम नोंदले गेले, आणि त्याचे स्पष्टीकरण दीर्घकाळ ‘हे रसायन अरोमटेज रोखते, म्हणून टेस्टोस्टेरॉन साचते’ असे दिले जात होते. पण ज्या प्राण्यात अरोमटेजच नाही तिथे ते रोखणार कसे? ‘टेस्टोस्टेरॉनचे एस्टर होणे थांबते’ ही दुसरी कल्पनाही पुढे आली. २००४ मध्ये जपानमधील काम प्रसिद्ध झाले आणि हे रसायन रेटिनॉइड-एक्स ग्राहीला थेट बांधते, त्या ग्राहीचा खरा बंधक (त्याला बसणारा रेणू) टोचला तरी तोच परिणाम दिसतो, हे पुढे आले. अशा रंगांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा करार २००१ मध्ये स्वीकारला गेला आणि २००८ मध्ये अमलात आला, तोवर कारणाची कल्पना बदलली होती. बंदी योग्यच होती. यंत्रणा वेगळी होती.

रसायनी (धागाकर्ता)

तटस्थ आणि प्रवाळ या दोघांच्या चर्चेत दिशेचा मुद्दा थोडा मागे पडला, म्हणून त्यावर लिहितो.

एचएसडी एन्झाइमे तत्त्वतः उलटसुलट दोन्ही बाजूंनी चालतात, दिशा ठरते ती सहघटकाने (एन्झाइमच्या मदतनीस रेणूने). पेशीत एनएडीपीएच (क्षपण करवणारा सहघटक) हे त्याच्या ऑक्सिडित रूपापेक्षा फार जास्त असते आणि एनएडी+ (ऑक्सिडीकरण करवणारा सहघटक) हे एनएडीएचपेक्षा फार जास्त असते. म्हणून एनएडीपीएच पसंत करणारे १७-बीटा-एचएसडी प्रकार १ जिवंत पेशीत क्षपण करते, आणि एनएडी+ पसंत करणारे प्रकार २ ऑक्सिडीकरण करते. परीक्षानळीत सहघटक आपण घालतो, त्यामुळे तिथे हवी ती दिशा दाखवता येते.

११-बीटा-एचएसडी प्रकार १ चे उदाहरण मला या बाबतीत सर्वांत शिकवणारे वाटते. शुद्ध केलेले हे एन्झाइम सक्रिय कॉर्टिसॉलचे निष्क्रिय कॉर्टिसोन करताना दिसते. यकृतपेशीत मात्र ते नेमके उलटे काम करते, कारण अंतर्द्रव्यजालिकेच्या (पेशीतील पटलांच्या जाळ्याच्या) पोकळीत त्याच्या शेजारीच हेक्सोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजनेज एनएडीपीएच पुरवत असते. हा शेजारी नाहीसा केला की जिवंत पेशीतही दिशा पालटते. म्हणजे केवळ हे एन्झाइम मोजून ऊतीत कॉर्टिसॉल वाढेल की घटेल हे सांगता येत नाही, शेजारी कोण आहे तेही मोजावे लागते. गाठींच्या अभ्यासात आरएनएची पातळी मोजून थेट ‘स्थानिक कॉर्टिसॉल वाढले’ असे लिहिलेले आढळते, तिथे मला म्हणूनच थांबावेसे वाटते.

वृक्कातील (मूत्रपिंडातील) ११-बीटा-एचएसडी प्रकार २ याच्या अगदी विरुद्ध. तिथला मिनरलोकॉर्टिकॉइड-ग्राही (क्षार-पाण्याचे नियंत्रण करणाऱ्या अल्डोस्टेरॉनसारख्या संप्रेरकांचा ग्राही) कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरॉन यांत फरक करत नाही, आणि कॉर्टिसॉल तर रक्तात कितीतरी जास्त असते. प्रकार २ दाराशीच कॉर्टिसॉलचे कॉर्टिसोन करून टाकते म्हणून अल्डोस्टेरॉनला संधी मिळते. ज्येष्ठमधातील ग्लिसिऱ्हेटिनिक आम्ल हे एन्झाइम रोखते, आणि अतिसेवनाने रक्तदाब वाढून पोटॅशियम घसरते ते यामुळेच. इथे ग्राहीची निवडक्षमता ग्राहीत नसून एन्झाइममध्ये आहे.

अवांतर: उंदीर आणि घुशी यांच्या अधिवृक्कात सीवायपी१७ जवळजवळ नसते, त्यामुळे ते डीएचईए माणसासारखे सोडत नाहीत आणि त्यांचा मुख्य ग्लुकोकॉर्टिकॉइड (कॉर्टिसॉलच्या वर्गातला संप्रेरक) कॉर्टिकोस्टेरॉन असतो. मानवी गाठींतील स्थानिक अँड्रोजेन-निर्मितीचे (टेस्टोस्टेरॉन, डीएचटी अशा पुरुष-संप्रेरकांच्या निर्मितीचे) निष्कर्ष उंदरांवरून काढताना हे लक्षात ठेवावे लागते.

अर्धविराम

निदानक यांना आणखी एक प्रश्न. ॲबिरेटेरोन या प्रोस्टेट-कर्करोगाच्या औषधाने सीवायपी१७ए१ थांबवल्यावर अधिवृक्काची वाटही बंद होते. मग गाठ पुन्हा का वाढते?

निदानक

अनेक कारणांनी. ग्राहीच्या प्रती वाढतात, ग्राही बंधकाशिवाय सक्रिय राहील अशी त्याची आखूड रूपे तयार होतात, आणि काही गाठी अँड्रोजेनवरचे अवलंबनच सोडतात. पण धाग्याच्या विषयाला धरून सांगण्यासारखे कारण असे की ॲबिरेटेरोन स्वतःच स्टेरॉइड आहे, आणि तीच एन्झाइमे त्याच्यावरही काम करतात. ३-बीटा-एचएसडी त्याचे डी४ए नावाचे रूप करते, जे मूळ औषधापेक्षा अधिक प्रभावी ठरू शकते, कारण ते अँड्रोजेन-ग्राहीलाही अडवते. मात्र ५-अल्फा-रिडक्टेज त्याच डी४एचे पुढे असे रूप करते की ते ग्राहीला उलट चालना देते. औषध शरीरात शिरल्यावर गाठीला उपयोगी पडावे की घातक ठरावे हे काही अंशी गाठीच्या एन्झाइमांच्या हातात जाते.

दुसरे, सीवायपी१७ए१ रोखले की कॉर्टिसॉल घटते, पोषग्रंथीचे एसीटीएच (अधिवृक्काला चालना देणारे संप्रेरक) वाढते आणि अधिवृक्कात मिनरलोकॉर्टिकॉइड साचतात. म्हणून या औषधासोबत प्रेड्निसोन किंवा प्रेड्निसोलोन देतात.

तटस्थ

प्रवाळ यांचे उत्तर मला बव्हंशी मान्य आहे, तरी शिंपल्यांत संप्रेरक-निर्मिती ‘नाही’ हे सिद्ध झाले असे मी म्हणणार नाही. कोणता प्रयोग आपल्याला ‘आहे’ असे मान्य करायला लावेल, ते सांगावे.

प्रवाळ

योग्य मागणी. शिंपल्याच्या बाबतीत मी असे मागेन. स्टेरॉइडमुक्त केलेल्या पाण्यात आणि खाद्यात, शक्यतो एकापेक्षा अधिक पिढ्या, प्राणी वाढवावेत. त्यांना किरणोत्सारी किंवा जड समस्थानिकाने खूण केलेले कोलेस्टेरॉल द्यावे, अँड्रोस्टेनडायोन नव्हे. मिळालेले उत्पादन प्रतिपिंड-आधारित चाचणीने न मोजता वर्णलेखन (क्रोमॅटोग्राफी) आणि वस्तुमान-वर्णपटाने (मास स्पेक्ट्रोमेट्रीने) ओळखावे, कारण शिंपल्याच्या अर्कातील इतर स्टेरॉल प्रतिपिंडांना फसवतात. जुन्या कामात पातळ थरावरील वर्णलेखनात एका ठिपक्याची जागा जुळली म्हणून ओळख पटल्याचे मानले गेले, तेवढे पुरेसे नाही. एस्टर वेगळे काढून, मोडून, मुक्त स्टेरॉइडापासून निराळे मोजावेत. एवढे करून खूण केलेल्या कोलेस्टेरॉलपासून खूण असलेले टेस्टोस्टेरॉन मिळाले, तर अज्ञात एन्झाइमचा शोध घेण्याला अर्थ आहे.

रसायनी (धागाकर्ता)

यात एकच भर. गाठींच्या बाबतीतही हीच शिस्त लागू आहे. काही प्रयोगशाळांनी प्रोस्टेटच्या कर्कपेशींना खूण केलेले ॲसिटेट किंवा कोलेस्टेरॉल देऊन अँड्रोजेन मिळाल्याचे दाखवले आहे, पण त्याचे प्रमाण आणि डीएचईएपासून होणाऱ्या निर्मितीचे प्रमाण एकाच पेशीत, एकाच वेळी, रक्तात असते तेवढ्याच डीएचईएच्या उपस्थितीत तोलून पाहिले, तर कोणत्या एन्झाइमला औषधाने रोखायचे हे ठरवता येईल.